खालच्या मजल्यावरचं नाक

नगरच्या सावेडीतलं ते घर भाड्याने बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नवरा कुठे कामाला आहे हेसुद्धा विचारलं नाही. जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून त्यांनी आधी माझ्या नवऱ्याच्या दिशेने आणि मग माझ्या दिशेने हवा ओढून घेतली आणि म्हणाले, "सेंट कोन मारतं?"

नवऱ्याने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"हितं ऱ्हायाचं आसंल तर ते बंद करावं लागंल. बाकी काय बी करा. मटन शिजवा, सुकट भाजा, लसनाची फोडनी द्या, माझं म्हननं न्हाई. खायाच्या वासाचा आपल्याला तरास न्हाई. बाटलीतला वास तेवढा नको."

भाडेकराराच्या कागदावर ही अट त्यांनी शेवटी स्वतःच्या हाताने लिहिली आणि आम्ही दोघांनी तिच्याखाली सह्या केल्या. त्या कागदाचा फोटो नवऱ्याच्या ऑफिसात पुढे कितीतरी दिवस फिरत होता. आम्ही हसलो. मी तर जो भेटेल त्याला त्यांची नक्कल करून दाखवायचे, नाकपुड्या फुगवून. आता ते आठवलं की कसंतरी होतं.

हे घरमालक काका नेवाशाकडचे. तिकडच्या एका खेड्यातल्या दूध संकलन केंद्रावर त्यांची उभी हयात गेली. काम एकच. शेतकऱ्याने आणलेल्या किटलीचं झाकण उघडायचं, नाक खाली न्यायचं आणि 'घ्या' किंवा 'न्या' म्हणायचं. 'घ्या' म्हणजे दूध टाकीत, 'न्या' म्हणजे परत घरी. पुढे केंद्रावर मशीन आलं, तरी मशीनच्या आधी काकांचं नाक लागायचंच. "मशीन फॅट सांगतं, ताई," ते मला म्हणायचे, "गाईनं काय खाल्लं, कासंला हात धुऊन लावला का तसाच, ते मशीनला काय कळतंय?" गावातल्या एका वजनदार माणसाच्या किटलीला त्यांनी लागोपाठ चार दिवस 'न्या' म्हटलं होतं. बदलीची धमकी आली, घरापर्यंत माणसं आली. पाचव्या दिवशी किटली स्वच्छ घासून आली, तेव्हा ते 'घ्या' म्हणाले आणि विषय संपला. त्यांचं 'घ्या' कधी चुकलं नाही, हे मला त्यांनी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं. आणि काकू काही नवऱ्याचं कौतुक करत बसणाऱ्यांपैकी नव्हत्या.

काकू खरं तर त्या नाकाला कंटाळलेल्या होत्या. घरात सुवासिक साबण नाही, उदबत्ती नाही, अंगाला पावडर नाही. लग्नकार्याहून आल्या की केसांतला गजरा काढून फाटकाच्या दांडीला अडकवायचा आणि मगच आत यायचं. आमच्या फाटकावर नेहमी एखादा वाळलेला गजरा लोंबत असायचा. टपालवाल्याला वाटायचं, ही काहीतरी पद्धत असेल. "चाळीस वर्सं झाली," काकू म्हणायच्या, "ह्या मान्साच्या नाकाखाली संसार केला मी."

त्या नाकाची कीर्ती मात्र गल्लीभर होती. कुणी गावाहून तूप आणलं की बरणी काकांकडे यायची. कुणाच्या घरी गॅस गळतोय की काय अशी शंका आली की काकांना बोलावणं. सकाळी चहाचा कप हातात आला की ते प्यायच्या आधी डोळे मिटून वास घ्यायचे आणि काकूंना ऐकू जाईल असं जाहीर करायचे, "आज दुधाला घास जास्त झालाय," किंवा, "गाय उसाच्या वाढ्यावर हाय सध्या." घास म्हणजे लसूणघास, वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. मी नगरचीच, तरी दुधातून घास कळतो हे मला माहीत नव्हतं. आणखी एक, ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला, माझ्या नवऱ्याला, दारात येणाऱ्या मांजरीला. विरजणालासुद्धा. एकदा मागच्या पडवीत मी त्यांना टांगलेल्या पंच्याला म्हणताना ऐकलं, "झालं का तुमचं? उतरा आता."

त्या पंच्यात चक्का असायचा. आणि माझं सगळं त्या चक्क्यापासून सुरू झालं.

त्या वेळी मला घरी बसून काहीतरी करायचं होतं. सगळ्याच जणी केक करत होत्या, म्हणून मी चीजकेक बार करायचं ठरवलं. तळाला लोण्यात कालवलेला बिस्किटांचा चुरा, त्यावर चीजचं मिश्रण, ट्रे पाण्याच्या ताटात ठेवून मंद आचेवर भाजायचं आणि गार झालं की लांबट तुकडे कापायचे. व्हिडिओत सोपं दिसतं. लागणारं चीज नगरात एका दुकानात मिळायचं, तेही डीप फ्रीजरमध्ये दगड झालेलं. पहिला ट्रे भट्टीत घातला आणि मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. दहा-पंधरा मिनिटांत खालून खणखणीत हाक आली.

"ताई! भट्टी बंद करा! डाव्या अंगाची कड लागली!"

पळत आले. डावीकडची कड खरंच लागली होती. एक मजला खालून, मधे स्लॅब असताना, डावी बाजू या माणसाला कशी कळली हे कोडं मला कधी सुटलं नाही. ओव्हनची घंटी त्यानंतर सहा मिनिटांनी वाजली. तेव्हापासून मी घंटी लावायचंच सोडून दिलं. काकांची हाक हीच माझी घंटी झाली.

त्या पहिल्या ट्रेमधला एक तुकडा मी खाली नेऊन दिला. त्यांनी वास घेतला आणि बशी परत केली. "ह्यातलं ते पांढरं काय हाय?"

"चीज."

"त्याला वासच न्हाई. मेलेलं हाय ते. थांबा दोन दिवस, मी चक्का देतो."

त्यांचा पहिला चक्का घालून केलेल्या ट्रेला मधोमध पाणी सुटलं. मला वाटलं, संपलं. काका मात्र खूश. हरवलेलं काम परत सापडल्यासारखे कामाला लागले. जुन्या धोतराचा पंचा साबण न लावता नुसत्या कढत पाण्यात उकळायचा, उन्हात वाळवायचा. दही रात्रभर टांगायचं आणि सकाळी पंच्यासकट पाटावर ठेवून वर वरवंट्याचा दाब द्यायचा. गळलेली निवळी काकू भाकरीच्या पिठात घालायच्या. चार-पाच खेपांनंतर असा घट्ट, गोडसर वासाचा चक्का यायला लागला की ट्रे भट्टीतून काढला तर कडा स्थिर आणि मधला भाग किंचित थरथरणारा, जसा हवा तसा. काका खिडकीखाली उभे राहून विचारायचे, "मधी हालतंय का?" मी म्हणायचे, "हलतंय." "मग घ्या!" चीजकेक हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. चीज नाही तर चीज म्हणायचं कशाला, असा त्यांचा सवाल होता. ते म्हणायचे भट्टीतली वडी.

चक्क्याचा स्टीलचा डबा माझ्या हातात देताना ते प्रत्येक वेळी तेच सांगायचे. "हातातनं सरळ फ्रीज. मधी कुटं थांबायचं न्हाई. ऊन तर दाखवायचंच न्हाई ह्याला." मी मान डोलवायचे आणि पाठ वळली की डोळे फिरवायचे. किती वेळा सांगाल? मी काय लहान आहे?

वड्या चालायला लागल्या. सावेडीतून, मग गावातून ऑर्डरी येऊ लागल्या. मोबाईलवर मी पान काढलं, व्हिडिओ टाकू लागले. लोक विचारायचे, ही चव कशी येते? मी लिहायचे, माझी खास पद्धत आहे. एका व्हिडिओत चक्का पंच्यातून सोडताना काकांचे हात आले होते. काळसर, शिरा वर आलेले, नखं स्वच्छ कापलेले हात. मला ते बरे दिसेनात. मी तेवढा भाग कापून टाकला. त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही, हेच आता जास्त वाटतं.

मग ती शाळेची ऑर्डर आली. सावेडीतल्याच एका शाळेत मुख्याध्यापिकांचा निरोप समारंभ होता आणि तिथल्या एका बाईंनी सगळ्या शिक्षकांसाठी आणि पाहुण्यांसाठी वड्या सांगितल्या होत्या. एवढी मोठी ऑर्डर मला पहिल्यांदाच आली होती. एप्रिलचे दिवस होते. काकांनी दोन दिवस खपून चक्का केला. समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी दोन मोठे डबे भरून माझ्या हातात दिले. त्यांच्या गावची जत्रा होती, ते आणि काकू एसटीने निघायच्या घाईत होते. तरी फाटकातून वळून म्हणालेच, "सरळ फ्रीज, ताई."

मी डबे घेऊन वर आले आणि सरळ गच्चीवर गेले.

व्हिडिओ काढायचा होता. घरातल्या ट्यूबच्या उजेडात चक्का पिवळट दिसायचा, गच्चीवर कसा शुभ्र दिसतो. मी तो एका मोठ्या परातीत काढला, चमच्याने त्याच्यावर छान लाटा केल्या, तीन-चार बाजूंनी व्हिडिओ घेतला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. ऊन लागतं म्हणून बोलत बोलत खाली घरात आले. तिच्या सासूचं काहीतरी होतं, ते लांबलं. मग व्हिडिओ कापला, जोडला, गाणं लावलं, टाकला. पहिल्या दहा मिनिटांत किती जणांनी पाहिला ते बघत बसले. जेवले. परातीची आठवण झाली तेव्हा तीन तास होऊन गेले होते.

वर गेले. परातीचा काठ हाताला चटका बसेल इतका तापला होता. चक्क्याला कडेने पाणी सुटलं होतं. मी वास घेतला. काकांचं नाक नसलं तरी मला कळलं. आंबूस, थोडा उग्र वास होता. बोट लावून चाखलं. कळलं. अगदी स्पष्ट कळलं, यात संशयाचा फायदा मला देऊ नका.

काका घरी नव्हते. असते तर त्यांनी गच्चीच्या दारातूनच 'न्या' म्हटलं असतं. मी त्यात साखर वाढवली, दोन लिंबांची साल किसून घातली, व्हॅनिला दुप्पट ओतला, आणि भट्टी तापत ठेवली. भाजल्यावर वास बराच मेला. दुसऱ्या दिवशी वड्या शाळेत पोचत्या केल्या, वर पुदिन्याचं पान लावून.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईंचा फोन आला. मी जिन्यातच उभी होते. त्या भल्या होत्या, रागावल्या नाहीत, पण आवाज पडलेला होता. वड्या उग्र लागल्या, बऱ्याच जणांनी टाकल्या, दोघी-तिघींची पोटं बिघडली. खुद्द मुख्याध्यापिकाबाईंना रात्रभर त्रास झाला. "असं कसं झालं हो?"

मी एक क्षणसुद्धा थांबले नाही. विचार करून खोटं बोलले असते तर निदान विचार केला असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "अहो, चक्का मी लावत नाही ना. खाली आमचे घरमालक काका आहेत, ते देतात. त्यांचं वय झालंय आता, पहिल्यासारखा वास कळत नाही त्यांना. मी बदलणारच आहे त्यांना."

फोन ठेवून वळले तर जिन्याच्या पायथ्याशी काका उभे. जत्रेहून नुकतेच आले होते. हातात माझ्यासाठी आणलेली रेवड्यांची पुडी.

"माझा चक्का गेला का, ताई?"

या वेळी मात्र मला वेळ मिळाला होता. त्यांनी विचारलं आणि ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? ते चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी पंचा उकळायला घेतला असता. बाकी काही झालं नसतं.

"हो काका," मी म्हणाले. "होतं असं कधीकधी."

त्यांनी पुडी पायरीवर ठेवली आणि आत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट, धोतर आणि टोपी घालून. "चला," म्हणाले, "शाळा दावा."

"कशाला, काका? मी बोलले आहे त्यांच्याशी."

"तुमी बोलला. चूक माझी हाय."

मी नाही म्हणून पाहिलं. ते म्हणाले, मग मी विचारत विचारत चालत जातो. शेवटी त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी शाळेत घेऊन गेले. शिक्षकांच्या खोलीत मधली सुट्टी चालू होती. सगळ्या जणी डबे उघडून बसल्या होत्या. काकांनी दारातच टोपी काढली. मी त्यांना तोपर्यंत टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. डोकं लहानसं दिसत होतं.

"वडी ताईंनी चांगली केल्ती," ते हात जोडून म्हणाले. "चक्का माझा हुता. मी 'घ्या' म्हनलो. उभ्या हयातीत माझं 'घ्या' चुकलं न्हवतं, ते तुमच्या कार्यक्रमाला चुकलं. नाक गेलं माझं. माफी करा."

बाया गडबडून उठल्या. कुणी खुर्ची दिली, कुणी पाणी दिलं. ज्यांनी ऑर्डर दिली होती त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांच्या मागे मी उभी होते, आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? समजूतदारपणा. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेणाऱ्या मुलीचा असतो तसा. निघताना त्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "त्यांना रागावू नका हं." मी म्हणाले, "छे हो."

त्या दिवसापासून काकांनी वास घेणं सोडलं. सोडलं म्हणजे ठरवून सोडलं. चहाचा कप आला की सरळ तोंडाला लावायचे. कुणी तुपाची बरणी घेऊन आलं की दारातूनच म्हणायचे, "आता न्हाई बा मला कळत. मशीनवर न्या." पंचा घडी घालून कपाटात गेला. पडवीतला आकडा रिकामा झाला. काकूंनी एकदा गजरा घालून घरात येऊन पाहिलं, मुद्दाम. काका पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. काकू आत गेल्या आणि गजरा काढून ठेवला. "चाळीस वर्सं ज्याचा वैताग केला," त्या मला म्हणाल्या, "ते गेल्यावर घर खायला उठतंय बघ." रात्री झोपण्याआधी काका गॅसचं बटण तीनतीनदा हाताने चाचपून बघायचे. नाकावर भरवसा उरला नव्हता ना.

आणि मी? मी दुसऱ्या ठिकाणाहून चक्का आणू लागले. वड्या पहिल्यासारख्या होत नव्हत्या, पण लोकांना फरक कळला नाही. घंटी लावायला लागले. मला रोज खाली जाऊन सांगता आलं असतं. रोज म्हणायचे, उद्या. जिना उतरताना त्यांच्या दारासमोर पाय भरभर टाकायचे. असं वर्षभर गेलं.

मग एका दुपारी घंटी लावायची राहिली आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा घरभर धूर होता. ट्रेचा कोळसा झाला होता. खिडक्या उघडून, खोकत खोकत जिन्यात आले तर काका खालच्या पायरीवर बसलेले. वर बघत.

"काका, तुम्हांला वास नाही आला?"

ते ओशाळले. "आल्ता कायतरी. लई वेळ झाला. आधी उजव्या अंगाची कड लागली आसं वाटलं. मग म्हनलं, भास आसंल. नासका चक्का ज्या नाकानं 'घ्या' म्हनला, त्याच्या भरवशावर तुमाला कशाला हाका मारायच्या? झोप मोडायची तुमची."

उजव्या अंगाची कड. एक मजला खालून. त्यांना सगळं कळत होतं. वर्षभर सगळं कळत होतं, आणि ते मन मारून बसले होते, माझ्या एका 'हो काका' पायी.

मी त्याच पायरीवर त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. गच्ची, परात, व्हिडिओ, तीन तास, लिंबाची साल. बहिणीचा फोनसुद्धा. "तुमचा चक्का चांगला होता, काका. मी नासवला. मला वास आला होता, तरी मी वड्या पाठवल्या. आणि तुमच्यावर ढकललं. तुमचं नाक कुठे गेलेलं नाही." मी रडत होते. इतक्या दिवसांनी सुटल्यासारखं वाटत होतं, हेही कबूल करते.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसले. अगदी मायेने हसले.

"ताई, नसत्या गोष्टी आंगावर घिऊ नका. मी त्यापायी झुरत न्हाई आता. डोळं जात्यात, दात जात्यात, तसं नाक गेलं."

"नाही हो काका, खरंच सांगते. मी उन्हात ठेवला होता."

"तुमी? उन्हात?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मी येवढं रोज सांगत हुतो, सरळ फ्रीज, सरळ फ्रीज. तुमी दर बारी मान डोलवायच्या. शिकल्या सवरलेल्या हाय तुमी. तुमी कशा ठिवाल?"

"देवाशपथ ठेवला होता."

"शपत घालू नका, ताई. माझ्यासाठी खोटी शपत नका घालू." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग आतल्या बाजूला तोंड करून हाक दिली, "आवो, ऐकलं का? ताई काय म्हनत्यात? माझं नाव वाचवायला सगळं आपल्या आंगावर घेत्यात. लई मोठ्या मनाच्या."

दाराच्या आत काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. "ऐकलं," त्या म्हणाल्या. सुपातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे चक्क्याचे दोन्ही डबे, शाळेच्या ऑर्डरीनंतर मी रिकामे करून खाली दिलेले आणि वर्षभर त्यांच्याकडेच राहिलेले, घासून पुसून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलेले होते. एरवी काकू कुठलीही वस्तू हातात द्यायच्या, वर चार शब्द बोलायच्या. त्यानंतरही त्या माझ्याशी बोलत राहिल्या, पाणी आलं का, कचऱ्याची गाडी गेली का, एवढंच.

पुढे आम्ही सावेडीतच फ्लॅट घेतला आणि तिथून निघालो. निरोप घेताना काकांनी विचारलं, "नव्या घरी भट्टी नीट लावली ना?" मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "सुखी ऱ्हावा." काकू तेवढ्या वेळात आत काहीतरी शोधत होत्या.

परवा भाजी घेताना त्या जुन्या गल्लीतल्या एक बाई भेटल्या. माझा हात हातात धरून म्हणाल्या, "काकांनी सांगितलं हो आम्हांला सगळं. त्यांची चूक तुम्ही स्वतःवर घेतली म्हणे, म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून. येईल त्याला सांगतात ते. आजच्या काळात कोण करतं असं?"

भोवती चार-पाच जणी होत्या. भाजीवालीसुद्धा कौतुकाने बघत होती. आत्ता इथे सांगून टाकावं असं मनात आलं, अगदी ओठांपर्यंत आलं.

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हणाले आणि मेथीची जुडी उचलली.